आधी पाणी

विजयसिंहांनी प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या.

"पायात असू द्या. काचा असतात इथं," सुकन्या मॅडम म्हणाल्या. शाळेत विज्ञान त्याच शिकवत.

चपला पुन्हा घालून ते आत आले. वडगाव निंबाळकरात त्यांचं दूध संकलन केंद्र होतं. मुलगी राजनंदिनी याच शाळेत नववीला. मागच्या आठवड्यात याच टेबलाशी तिच्या डोळ्यात आम्ल उडालं. डावा डोळा गेला, असं बारामतीच्या डॉक्टरांनी काल सांगितलं होतं.

ते भांडायला आले असते तर मॅडमना बरं वाटलं असतं. ते भांडले नाहीत.

"कसं झालं त्ये मला दावा," ते म्हणाले. "पोरगी दवाखान्यात पडल्या पडल्या एकच इचारती, पप्पा, माझं कुठं चुकलं. मी काय सांगू तिला?"

मॅडमनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात डोळ्यांवर लावायचे संरक्षक चष्मे होते, प्रत्येक आपापल्या प्लास्टिकच्या पिशवीत. ओरखडे पडतील म्हणून ते मुलांना देत नसत. तपासणीला साहेब आले की टेबलावर मांडायचे, साहेब गेले की परत पिशवीत. मॅडमनी दोन पिशव्या फोडल्या. एक चष्मा स्वतः लावला, एक त्यांच्यापुढे धरला.

"त्या दिशी तिला व्हता का ह्यो?"

"नाही. कपाटात होता."

त्यांनी मान हलवली. चष्मा मुलांच्या मापाचा होता, कानशिलांवर आवळत होता. तरी त्यांनी तो लावला.

"तीव्र आम्ल पाण्याशी मिसळून सौम्य करायचं असतं," मॅडम सांगू लागल्या. "खरं तर ते मीच करायला हवं होतं. बाकीच्या मुली मागं सरकल्या. ती म्हणाली, मला सवय आहे, आमच्या डेअरीवर असतं हे. मला कौतुक वाटलं. मी करू दिलं."

हे त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं, डॉक्टरांना सांगितलं होतं, घरी नवऱ्यालाही. आता वाक्यं आपोआप येत. रडू यायला हवं होतं, तेवढं येत नव्हतं.

त्यांनी चंचुपात्रात पाणी घेतलं. काचकांडी आत धरली आणि तिच्यावरून आम्ल थेंब थेंब सोडलं. काहीच झालं नाही. काच थोडी गरम झाली.

"ह्ये उलटं झालं," विजयसिंह म्हणाले.

"नाही, असंच करायचं. आधी पाणी, मग आम्ल. तिनं आधी आम्ल घेतलं आणि त्यावर पाणी ओतलं. ते तिथल्या तिथं उकळलं आणि उडालं." मॅडमनी भिंतीकडे बोट केलं. तिथं लाल रंगात हेच लिहिलेलं होतं. "त्या दिवशी ही ओळ तिनंच वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवली होती. तरी हात उलटा कसा गेला, मला कळत नाही."

विजयसिंह भिंतीकडे बघत राहिले. एवढ्या ओळीला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ.

"दुधाचं फॅट बघताना," ते सावकाश म्हणाले, "नळीत आधी अ‍ॅसिड घालायचं. मग त्याच्यावर दूध सोडायचं, काठाकाठानं. आता मशीन हाय, पर कुणी वाद घातला की नळीच काढावी लागती. पाचवीत व्हती तवापास्नं ती करती. सुरवातीला एकदा तिनं आधी दूध घातलं व्हतं. चापट दिली व्हती मी हातावर. आधी अ‍ॅसिड, म्हणून."

बाहेर व्हरांड्यातून मुलं पळत गेली. मॅडमना वाटलं, आपण काहीतरी बोलावं. चूक माझी आहे, तुमची नाही, एवढं तरी.

"तिचं न्हाय चुकलं," विजयसिंहच म्हणाले. "बरूबर केलं तिनं. मी शिकवलं तसंच."

ते जायला निघाले. दाराशी पोचल्यावर चष्म्याची आठवण झाली. तो काढून त्यांनी हातात धरला.

"मॅडम, ह्यातला एक मिळंल का तिच्यासाठी? उजवा हाय अजून."

मॅडमनी कपाटातून एक नवा चष्मा पिशवीसकट काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत मॅडमपुढं धरला.

"पिशवी फोडून द्या," ते म्हणाले.