मोठा टर्बो

नंदा गेल्याचं सांगून कॉन्स्टेबल दारातून परतला, तेव्हा मुरलीधरने पहिला फोन मँचेस्टरला, मेहुण्याला, शशीला केला. शशीने एवढंच विचारलं, "दाजी, मी पाठवलेलाच टर्बो बसवला होता ना?"

"हो," मुरलीधर म्हणाला.

२००९ चा डिसेंबर होता. स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात नंदा डॉक्टर होती. बर्फाने रस्ते बंद झाले की ती स्नोमोबाइलवरून लांबच्या शेतांवर पेशंट बघायला जायची. मशीन जुनं, चढाला दम टाकायचं. इंजिनात जास्त हवा कोंबून जोर वाढवणारा टर्बो बसवायचं ठरलं आणि बहीणभावाची ऑक्टोबरभर फोनवर जुंपली.

"छोटा बघ, शशी. आम्ही समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटरवर आहोत. इथे हवा दाट असते."

"ताई, स्नोमोबाइलवाल्यांच्या फोरमवर सगळे मोठाच सांगतायत."

"ते सगळे दहा हजार फुटांवर, विरळ हवेत चालवतात. मला एव्हरेस्ट चढायचा नाहीये, मेंढ्यांमधून जायचंय. मोठा टर्बो आधी झोपून राहतो आणि मग एकदम लाथ मारतो. अगदी तुझ्यासारखा."

तरी शशीने मोठाच पाठवला. वाढदिवसाची भेट म्हणून, खोक्यावर 'ताईला' लिहून. पहिला बर्फ पडल्यावर नंदाने त्याला फोन केला होता. "तुझा टर्बो अजून झोपलेलाच आहे रे."

नंतर आठवड्याभराने उतारावर मशीन एकाएकी सुसाट सुटलं. एका शेतकऱ्याने लांबून पाहिलं. नंदा दगडी कुंपणावर आपटली. मशीन तसंच पुढे जाऊन तळ्यात बुडालं. तिथे पाणी खोल. कोणी ते वर काढलं नाही.

तेराव्या दिवशी शशी आला. हॉलमध्ये एका खोक्यावर नंदाची शाल घालून मुरलीधरने तिचा फोटो ठेवला होता.

"टेबल आणू का, दाजी?"

"राहू दे. तिथेच बरा आहे."

किचनमध्ये फ्रिजवर नंदाच्या अक्षरातली यादी तशीच होती. शशीने वाचली. 'थ्रॉटल अडकतो. केबल बदलणे.' पुढे मुरलीधरने बरोबरची खूण केली होती.

"थ्रॉटल अडकला तर वेग कमीच होत नाही. केबल बदलली होती ना?"

"टर्बो बसवला तेव्हाच."

"म्हणजे टर्बोच. लाथ मारेल म्हणाली होती ती."

"चहा गार होतोय," मुरलीधर म्हणाला.

"आईला आज सांगतो. तिला वाटतंय ताई घसरून पडली."

"त्यांना कशाला आता?"

"पोटात ठेवून जगता येत नाही, दाजी. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. दुसऱ्या कोणी घरात घेतलं नसतं."

शशी आतल्या खोलीत गेला. नागपूरला फोन लागला. "आई, ऐक. ताई माझ्यामुळे..."

मुरलीधर उठला. दारापर्यंत गेला. मग वळून फोटोसमोर बसला.

शाल एका बाजूने वर सरकली होती. ती खाली ओढताना खोक्यावर शशीच्या अक्षरातलं 'ताईला' दिसलं. टेप अजून कापायची होती. शेजारी खोचलेलं नव्या केबलचं पाकीटही अजून फोडायचं होतं.