डब्यातली बाई

दसऱ्याच्या सकाळी ओमेश आंघोळीला गेला, आणि जमुनाबाई कुंकवाचं ताट घेऊन त्याच्या खोलीत शिरली. शिवणयंत्राची पूजा झाली होती, पंपाची झाली होती, मोटारसायकललाही फूल वाहून झालं होतं. राहिला होता तो पोराचा काळा डबा.

कॉम्प्युटरबद्दल तिला काही म्हणायचं नव्हतं. तो आता सौंदडमध्ये बऱ्याच घरी होता. पण हा डबा ओमेशनं नागपूरहून कुणाकडून तरी जुना आणला, वायरी लावून टेबलावर मांडला, आणि तेव्हापासून संध्याकाळी त्यात एक बाई गुणगुणायची. तोंडावरून गोधडी ओढून गावं तशी. जमुनाबाई दारात आली रे आली की ओमेशचा हात डब्यावरच्या मोठ्या गोल बटणाकडं जायचा, आणि ती बाई बुडायची. मागं नुसतं धुम धुम उरायचं.

"हे काय होय?" तिनं एकदा विचारलं होतं.

"फिल्टर होय, माय. आवाजाची गाळणी समज. वरचा बारीक आवाज कापते, खालचा जाऊ देते."

"चहाची गाळणी मले समजते. तू कोनाले गाळून राहिला?"

तो हसला होता, पण मान वर न करता. त्याची बहीण साक्षीही घर सोडून जाण्याआधी अशीच मान खाली घालून हसायची. मग पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं, आणि ती कुठं राहते हेही कुणी सांगेना. नवऱ्यानं, केवलरामनं, त्या दिवसापासून लेकीचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं. आता लेकाच्या खोलीत ही कोण येऊन बसली? नवरात्राच्या उपासात जमुनाबाईनं देवीकडं एवढंच मागितलं होतं, हा तरी घरात राहू दे.

तिनं ओल्या फडक्यानं डबा पुसायला घेतला. बटणाशेजारी खडूची एक बारीक रेघ होती. डाग समजून तिनं ती घासून काढली. फडक्याखाली बटण लोण्यासारखं फिरलं, पार शेवटापर्यंत गेलं. तिनं त्यावर कुंकू लावलं, दोन अक्षता टाकल्या आणि हात जोडले. जोडलेल्या हातांच्या आडूनही ती डब्याकडं पाहतच होती.

ओमेश डोकं पुसत आत आला आणि दारातच थबकला. "माय! याले कायले हात लावला?"

"आज सगळ्याइले लावतो आपन. पूजा झाली, आता एक बार सुरू कर."

"मंग करतो."

"मंग नाही, आत्ता. तुया बाबूजीनं पंप सुरू केला का नाही? मी शिवनयंत्राचं चाक फिरवलं का नाही? पुजलेली मशीन बंद ठेवत नाहीत."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती ताट घेऊन तशीच उभी होती, हलायचं नाव नाही. तेवढ्यापुरतं धुम धुम ऐकवून आईला वाटेला लावावं, असं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं कॉम्प्युटरवरचा कालचा तुकडा सुरू केला.

कॉम्प्युटरला कालचं सगळं याद होतं. डब्याला काहीच याद राहत नाही. हात जिथं सोडावा, तिथं त्याचं बटण राहतं, आणि शेवटचा हात ओमेशचा नव्हता. त्याची खडूची खूण पुसली गेली होती, गाळणी पार उघडी होती.

बाई गोधडीतून बाहेर आली. आवाज असा लख्ख, जणू कुणी खिडकीशी बसून गात होतं. तिनं एक ओळ धरली आणि मध्येच श्वास घेतला.

जमुनाबाईनं ताट टेबलावर ठेवलं. या श्वासापायी भजनात तिनं एका पोरीला कितीदा कोपरानं ढोसलं होतं, ओळ पुरी कर, मग दम घे.

"साक्षी," ती म्हणाली.

तेवढ्यात त्या गुणगुणण्याच्या मागं, अगदी जवळ, एक लेकरू रडायला लागलं. बारीक, धारदार.

"फोनमध्ये गाऊन पाठवते ते," ओमेश दबक्या आवाजात बोलला. "तिच्या गान्याचं काम करून राहिलो. मागचं रडनं काही केल्या निघत नव्हतं, म्हनून हे बटन..."

"ओमेश!" अंगणातून केवलरामची हाक आली. "कोनाचं लेकरू रडून राहिलं रे?"

ओमेशचा हात बटणाकडं झेपावला. जमुनाबाईनं त्याचं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"पोरगा का पोरगी?" तिनं हळूच विचारलं.

"पोरगी. बसाले लागली आता."

जमुनाबाईचा आवाज शेजारच्या घरी कधी गेला नव्हता. आज तिनं तो काढला.

"अजी, आपल्या साक्षीची पोरगी रडून राहिली. या, आयका."

अंगणात काहीच हललं नाही. आत तो तुकडा संपला की आपोआप पहिल्यापासून वाजत होता. आधी गुणगुणणं, मग रडणं, मग थोडी शांतता. मनगट अजून आईच्या हातात होतं. ओमेशनं ते सोडवायचा प्रयत्न केला नाही.

केवलराम दारात आला तेव्हा नातीचं रडणं नुकतंच थांबलं होतं. तो बायकोकडं पाहीना, लेकाकडं पाहीना. एक हात चौकटीवर ठेवून तो तिथंच उभा राहिला, ते परत सुरू व्हायची वाट पाहत.