ओंकेल वॅल्टरची किटली

"पट्टे तुटलेले नाहीत," वेदांग म्हणाला. "सोडवलेत."

उर्जाने कॉकपिटमध्ये वाकून पाहिलं. बकल नीट उघडलेलं. चाकं खाली, प्रोपेलरची पाती सरळ. म्हणजे नॉर्वेतल्या तळ्याच्या तळाशी दुसऱ्या महायुद्धापासून पडून राहिलेलं हे लढाऊ विमान कोसळलं नव्हतंच. वैमानिकाने ते गोठलेल्या तळ्यावर अलगद उतरवलं आणि तो चालत निघून गेला. बर्फ वितळल्यावर विमान बुडालं.

तपासणीसाठी ते जर्मनीत ब्राउनश्वाइगला या दोघांच्या संस्थेत आलं होतं. बिचाऱ्याचं नशीब पहिल्यापासून फुटकं. बांधलं विमानवाहू जहाजासाठी: लांब पंख, शेपटीखाली हूक, सगळा थाट. जहाज मात्र कधी पुरं झालं नाही. नवरदेव बाशिंग बांधून तयार आणि मांडवाचा पत्ता नाही, अशी गत. मग या विमानांना नॉर्वेतल्या तोकड्या, वादळी धावपट्ट्यांवर पाठवून दिलं.

तिथूनच लेफ्टनंट लिंडनर हे विमान घेऊन उडाला आणि बेपत्ता झाला. त्याची मुलगी आता ऐंशीच्या पुढची, उर्जाची घरमालकीण.

लिंडनरबाईंना बाप आठवत नव्हता. युद्ध संपताना आई त्यांना घेऊन पूर्वेकडून पळत इथे आली, बापाचा फोटोही वाटेत गेला. पुढे घरात ओंकेल वॅल्टर आला आणि राहिलाच. तेव्हा इथे अशी घरं पुष्कळ होती. युद्धविधवेने पुन्हा लग्न केलं की पेन्शन बंद. म्हणून लग्नावाचून संसार, आणि मुलांनी त्या माणसाला ओंकेल म्हणायचं, म्हणजे काका. शेजारी नाकं मुरडत. "लग्न करता येत नाही गं," एवढंच आई म्हणे.

बापाची जागा बळकावणाऱ्या वॅल्टरला लिंडनरबाईंनी कधी माफ केलं नाही. मरताना तो म्हणाला, "एकदा मला बाबा म्हण." त्या खोलीबाहेर निघून गेल्या. त्याने मूठ दुरुस्त केलेली किटली तेवढी ठेवली. किटलीचा काय दोष?

आज सकाळी त्याच किटलीतला चहा ओतताना त्या उर्जाला म्हणाल्या होत्या, "बाबा तिथेच गेले ना, एवढंच सांग. आम्हाला सोडून तर गेले नाहीत?"

"काय सांगू रे त्यांना?" उर्जाने विचारलं.

"अगं, खरं तेच सांग ना. रिपोर्टमध्ये येणारच आहे."

"रिपोर्ट कशाला वाचतायत त्या? बाप फौज सोडून पळाला, म्हणजे इथे गद्दारच; जिवंत होता आणि घरी फिरकलाच नाही, हे कसं सांगू? त्याच्या नावावर जगल्यात रे त्या."

"मग नको सांगूस," वेदांग म्हणाला. तळ्यात सुखरूप राहिलेल्या कंट्रोल स्टिकच्या मुठीचा फोटो त्याने प्रिंट करून दिला. "हा दे. बापाचा हात लागलाय."

ट्राममध्ये उर्जा काय बोलायचं ते मनात घोळवत राहिली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

लिंडनरबाई स्वयंपाकघरातच वाट पाहत होत्या.

"ते विमानातच गेले," उर्जा म्हणाली. "काही कळलंसुद्धा नसेल त्यांना."

बाईंनी डोळे मिटले. "म्हणजे सोडून नाही गेले."

"नाही."

त्यांचा चेहरा इतका निवला, की उर्जाला आपण खोटं बोललो याचं बरंच वाटलं. तिने फोटो पुढे केला. "ही त्यांच्या कंट्रोल स्टिकची मूठ. पकड घट्ट यावी म्हणून त्यांनी स्वतःच तांब्याची तार गुंडाळली असणार."

बाईंनी चष्मा लावला. तारेचे दाट वेढे, त्यांवरून एक तिरकी वेणी, आणि टोक वेणीखाली दडवलेलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, शेगडीवरची किटली उचलून टेबलावर फोटोशेजारी ठेवली आणि तिची मूठ उजेडाकडे वळवली.

दाट वेढे. तिरकी वेणी. टोक वेणीखाली.

रोज हाताळलेल्या त्या मुठीकडे उर्जा बघतच राहिली.

"आई खोटं बोलत नव्हती," लिंडनरबाई म्हणाल्या. "वॅल्टरशी तिला लग्न करता येत नव्हतं. ते आधीच झालेलं होतं."