नवा मुकादम

पत्रा कापायच्या कारखान्यात नवाकोरा यंत्रमानव मुकादम म्हणून आला होता. तिसऱ्याच दिवशी पत्र्याची कड लागून अक्काचं बोट चिरलं, तसा तो धावत आला.

"नवं बोट कुठून मागवायचं?"

अक्काला हसू आवरेना. "अरे येड्या, माणसाचं बोट आहे हे! आठ दिवसांत आपोआप भरून येतं."

"आपोआप? सुटा भाग न बसवता?"

"मग! ही शेजारच्या मशिनवरची माझी लेक बघ. लहानपणी हिचं हाड मोडलं, ते जुळलं. दात पडले, तर नवे आले. तुझ्यासारखं थोडंच आहे, एक स्क्रू पडला की बसला बोंबलत!"

सगळ्या बाया खो खो हसल्या. लेक म्हणाली, "आई, पुरे की आता!" मुकादमानं मात्र शब्द न् शब्द टिपून घेतला आणि "कमाल आहे तुमची," म्हणाला. अक्काची कॉलर दिवसभर ताठ होती.

दुसऱ्या दिवशी अक्का दुपारच्या पाळीला आली. बघते तर काय, हात आत जाऊ नये म्हणून मशिनांना बसवलेल्या लोखंडी जाळ्या सगळ्या काढून कोपऱ्यात रचलेल्या.

"जाळीमुळं काम रेंगाळतं," मुकादम सांगायला लागला, "आणि तुम्हाला तिची गरजच नाही."

अक्कानं लेकीच्या मशिनकडं पाहिलं. मशीन बंद होतं. तिथं कोणीच नव्हतं.

मुकादमानं हजेरीची वही उघडली.



"तिचा हात सकाळी मनगटापासून गेला, अक्का. नवा यायला किती दिवस धरू?"