हिरवा भोंगा

१९६४ साल. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. पनवेलच्या बाजारात, खलीलच्या लाउडस्पीकरच्या दुकानात, बिबट्याला बोलावणारं यंत्र निवडायचं चाललं होतं.

विचुंब्याच्या बाजूला बिबट्या लागला होता. जिवंत करडू झाडाला बांधलं की ते भेदरून गप्प बसायचं आणि बिबट्या फिरकायचा नाही. खलीलने तोड काढली. करडाचं ओरडणं टेपवर भरायचं, झुडपात भोंगा लपवायचा आणि संध्याकाळी वाजवायचं. लग्नाला, उरुसाला भोंगे भाड्याने देणारा माणूस तो. त्याला असलं सुचायचं.

टेपवरचं करडू जनीचं. त्याची आई दुकानाबाहेर खांबाला बांधलेली होती, आणि जनी उंबऱ्याशी बसली होती.

"तुझं डोकं फिरलंय का गं?" शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली सखूबाई म्हणाली. "ज्याच्या गोळीनं नवरा गेला त्यालाच करडू देतेस?"

"माज्या चार शेल्या गेल्या," जनी म्हणाली. "मी सपथ घेतलीय. ज्यानं माजं घर ओरबाडलं, त्याची खोड मोडल्याबिगर डोईला तेल लावनार नाय."

तिचे केस वर्षभरात तागासारखे झाले होते.

आदल्या वर्षी रानातलं जनावर उठवायला ढोल बडवत हाका झाला होता. हाक्याचा नियम साधा. रानातून बाहेर पडताना हाकेकऱ्याने "माणूस!" म्हणून हाळी द्यायची. हाळी आली की बंदूक खाली. जनीचा नवरा तुळशीराम झुडपातून बाहेर आला आणि काशीराम शिकाऱ्याने गोळी घातली. "हाळी दिलीच नाय त्यानं," काशीरामने सांगितलं. काशीराम वीस वर्षं गावाची राखण करणारा. त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? ढोल वाजत होते, ऐकू आलं नाही, म्हणाले सगळे. ओढ्यापलीकडे गवत कापणाऱ्या जनीने तीन हाळ्या ऐकल्या होत्या. पण ती पडली बायको. फौजदारांनी कागदावर लिहिलं, मयताने हाळी दिली नाही. तेव्हापासून पाणवठ्यावर बायका तिला ऐकवायच्या, "तुजा दादला तोंडात गुळणी धरून मेला."

काशीराम आला तो मिशीला पीळ देतच. फौजदारही आले. शिकारीला यायची त्यांना हौस होती, आणि जनीने निरोप धाडून बोलावलंही होतं. खलीलने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

"दादा, बरे हाव ना?" जनीने तोंडावर पदर धरून विचारलं.

काशीरामने उत्तर दिलं नाही. बायामाणसांशी तो बोलायचा नाही, असं सगळे म्हणत. बंदुकीच्या माणसाचा तोरा!

"काशीरामदादा, या इकडे," खलीलने त्याच्यासमोर येऊन म्हटलं. "तीन नमुने ठेवलेत. आवाज तुम्हीच पारखा. बिबट्याचा कान तुम्हाला ठाऊक."

"मला नाय तं कोनाला?" काशीराम रस्त्याकडे पाठ करून स्टुलावर बसला.

पहिला लहानसा पितळी भोंगा. खलीलने कळ दाबली. करडाची किंकाळी दुकानभर झाली. बाहेर शेळीने दोरीला हिसका देऊन "बें" केलं. काशीरामने भोंग्यावर तळवा ठेवला आणि मान हलवली.

"बारीक हाय. लांब जानार नाय."

दुसरा मोठा, लग्नातला. त्याच्या आवाजाला तर सखूबाईने कानांवर हात ठेवले. शेळी दोरी तोडू बघत होती. काशीरामने पुन्हा तळवा टेकवला.

"याच्यात जोर हाय. पन बिबट्या भिईल. लगीन लागलंय वाटंल त्याला."

सगळे हसले. फौजदारही हसले.

तिसरा भोंगा हिरवा होता. झुडपात दिसू नये म्हणून खलीलने पहाटेच रंगवला होता.

"हात नका लावू, रंग ओला आहे," तो म्हणाला. "नुसतं ऐका. अल्ला कसम, असा आवाज पुन्हा होणे नाही."

त्याने कळ दाबली. टेपची चाकं फिरू लागली. काशीरामने डोळे मिटले, मान तिरकी केली. फौजदारांची कपबशी हातातच राहिली. सखूबाईने जनीकडे बघितलं. जनी काशीरामच्या तोंडाकडे बघत होती. बाहेर शेळी खाली बसून रवंथ करू लागली.

काशीरामने डोळे उघडले.

"हाच," तो म्हणाला. "करडू कसं काळजातून वरडतंय! हाच द्या."

"नक्की?" फौजदारांनी पुढे होऊन विचारलं.

"सायेब, वीस वरसं हेच कान घेऊन रानात बसतोय."

फौजदारांनी कपबशी खाली ठेवली. उठून त्यांनी काशीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "बंदूक आणि परवाना घेऊन चौकीत या."

"आजच निघायचं?" काशीराम खूश झाला.

"आजच."

काशीरामची बंदूक चौकीतून परत आली नाही. तो उरणला लेकीकडे राहायला गेला आणि तिथेच वारला. फौजदारांनी वर कळवून तुळशीरामच्या कागदावरची ओळ बदलून घेतली. पुढे त्यांची अलिबागला बदली झाली. बिबट्या होळीच्या सुमाराला जासईच्या एका शिकाऱ्याने मारला. खलील कुवेतला गेला, दुकानात कापडवाला आला. सखूबाई म्हातारपणी ठार बहिरी झाली, पण ती गोष्ट शेवटपर्यंत सांगायची. जनी खूप वर्षं जगली.

तिने डोईला तेल लावलं ते मात्र बिबट्या मरायच्या चार महिने आधी, त्याच दुपारी, दुकानातून घरी आल्यावर. चुलीशी बसून आधी तिने कनवटीला सकाळपासून खोचलेली हिरव्या भोंग्याची वायर काढली, नीट गुंडाळली आणि मग तेलाची बाटली हातात घेतली.