तास चालू आहे

दहावीच्या वर्गाचं दार बंद होतं आणि आत मुख्याध्यापिका बाई व्याकरण शिकवत होत्या. बाहेर शिपाई निरोप घेऊन उभा होता. बाईंच्या मुलीचा दवाखान्यातून फोन आला होता. बाबा शुद्धीवर आलेत, आईला विचारतायत, तिला लगेच पाठवा.

शिपायाने दार वाजवलं नाही. तास चालू असताना दार वाजवायचं नाही, हा बाईंचा नियम होता. शाळेत वाघ शिरला तरी त्याला मधल्या सुट्टीपर्यंत बाकावर बसवून ठेवावं लागेल, असं शिक्षक दबक्या आवाजात म्हणत. बाईंनी नियमातून स्वतःलाही सूट दिलेली नव्हती. त्यांचा मोबाइल ऑफिसच्या कपाटात बंद करून ठेवलेला होता.

शिपायाने उपमुख्याध्यापकांना बोलावून आणलं. दारापाशी जाऊन त्यांनी हात उचलला आणि त्याच हाताने चष्मा सारखा केला.

“संपेलच आता तास,” ते म्हणाले. “उगाच कशाला ओढवून घ्यायचं?”

खेळाचे सर आले. चित्रकलेच्या बाई आल्या.

“सर, तुम्ही वाजवा. तुमचं ऐकतात त्या.”

“माझं? गेल्या वेळी सगळ्यांसमोर माझी कशी बिनपाण्याने केली, विसरलात?”

आतून बाईंचा खणखणीत आवाज येत होता. पोरं एका सुरात उत्तरं देत होती.

मग ऑफिसमधून क्लार्क बाई डोळे पुसत आल्या. मुलीचा पुन्हा फोन आला होता. काय झालं, हे विचारायची गरज कोणालाच पडली नाही. शिपाई तडक गेला आणि वेळ झालेली नसताना त्याने घंटा दिली.

दार धाडकन उघडलं.

“घंटा कोणी दिली? माझा तास संपायला अजून अवकाश आहे!”

मग बाईंना व्हरांड्यात उभा असलेला सगळा स्टाफ दिसला.

क्लार्क बाई कशाबशा पुढे झाल्या. “बाई, साहेब शुद्धीवर आले होते. तुमची आठवण काढत होते.”

“काढतायत म्हणा,” बाईंनी वाक्य दुरुस्त केलं.

कोणी तसं म्हणेना.

बाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. भिंतीला धरत त्या खाली बसल्या.

“पहिला फोन कधी आला?”

“तास सुरू झाला आणि लगेच.”

“आणि तुम्ही सगळे इथेच होतात? दाराबाहेर?”

“हो बाई.”

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या रागाची सगळ्यांना सवय होती, मान खाली घालून तो ऐकून घेता आला असता. पण बाई ओक्साबोक्शी रडू लागल्या. अशा वेळी काय करायचं, हे या शाळेत कोणालाच कधी सांगितलेलं नव्हतं. चित्रकलेच्या बाईंचं काळीज तुटत होतं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

“अहो, कोणीतरी जवळ या ना,” बाई म्हणाल्या.

एवढं ऐकूनही सगळे आधी उपमुख्याध्यापकांकडे बघत राहिले.