अक्कलदाढ आणि गोंदण

सकाळी अक्कलदाढ काढली आणि दुपारी शेवंताने भाकरी चावून खाल्ली. हिरडीत सोडलेल्या औषधाने जखम बघता बघता भरून आली होती. तरी तिला चैन पडेना. आधी नाकातली चमकी गळून पडली आणि भोक बुजलं. मग कानांची भोकं मिटली. आता मनगटावरची तुळस फिकी पडायला लागली. लहानपणी जत्रेत आईने तिचा हात घट्ट धरून ती गोंदवून घेतली होती. आई जाऊन वर्षं झाली होती.

शेवंता दवाखान्यात धावली.

"औषधाला सगळ्या जखमा सारख्याच, ताई," डॉक्टर म्हणाले. "उतारा आहे, पण दाढेची जखम परत उघडेल. गाल सुजेल, आठवडाभर ठणकेल."

शेवंताने दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरलं आणि आ केला.